पडद्याखालची पावलं

पुतणीचं पत्र आलं तेव्हा मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग उत्तर उद्या लिहू म्हणून ठेवून दिलं. वहिनी म्हणतात, "भावजींचा उद्या फार लांबचा असतो." खोटं नाही.

पत्र छोटंच होतं.

‘काका, फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आई म्हणेल, ये गं. दादा म्हणेल, काळ बदललाय. आत्या काहीच म्हणणार नाही, आणि तेच सगळ्यांत मोठ्यानं ऐकू येईल. सुट्टीत लेकीला घेऊन यावं म्हणते. तिला यंदा पाळी सुरू झाली. तिथं असताना तिचे दिवस आले तर तिला देवासमोर जाऊ द्याल, की पलीकडच्या खोलीत बसवाल? बसवणार असाल तर आम्ही येत नाही. रागावून नाही, नुसतंच येत नाही. तुम्ही भित्रे आहात म्हणून खोटं बोलत नाही, तेव्हा तुम्हीच लिहा. पत्रानं.’

भित्रा हा शब्द मला लागला नाही. मुद्रितशोधकाच्या नोकरीत जन्म गेला. दुसऱ्यांच्या वाक्यांवर खुणा करून पोट भरलं. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की पेनाचं टोपण सापडत नाही, आणि सापडलं तर पेन सापडत नाही. तरी मी लिहायला बसलो होतो. आधी वाटलं, धर्मग्रंथ काय म्हणतात ते पाहून घ्यावं. एका पुस्तकात त्या दिवसांत बाईला सगळंच वर्ज्य. दुसऱ्यात खुद्द देवीचेच ते दिवस, आणि तेही पवित्र. तिसऱ्यात पहिल्या दोन्हींचं खंडन. उत्तराचा कच्चा मजकूर वाढत वाढत पुस्तिकेएवढा झाला, आणि त्यात पुतणीला हवं होतं ते, यायचं की नाही यायचं, एवढंच राहून गेलं.

कारण मला ते माहीतच नव्हतं. ते ताईला माहीत होतं, आणि ताईला विचारायची माझी छाती नव्हती.

आमच्या घरात देवांची वस्त्रं शिवतात. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे एक लांब खोली, मधोमध कापड बेतायचं टेबल, भिंतीला मखमलीची आणि रेशमाची ठाणं. देवाच्या कापडावर काम चालू असताना तिथं कुणी बोलत नाही, कारण बोलताना थुंकी उडते. दोऱ्याचं टोक कुणी तोंडात धरत नाही. सुईत ओवण्याआधी ते मेणावर फिरवायचं. खोलीच्या टोकाला फळ्यांची भिंत, तिच्यात एक दार, आणि दारापलीकडे छोटी खोली. ज्या बाईचे दिवस चालू असतील तिनं त्या खोलीत बसून देवाचं सोडून बाकीचं शिवायचं: शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे. हा नियम आईनं घातला आणि आईमागे माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, सांभाळला. या दिवसांना लोक कावळा शिवला म्हणतात. आमचे वडील म्हणायचे, "आपल्या घरात कावळासुद्धा शिवतो, फक्त मजुरी मागत नाही."

पुतणी तरुण असताना तिनं त्या दिवसांत मोठ्या खोलीतच बसून देवाचा एक झगा शिवला होता. कुणाला कळलं नसतं. पण तिनं स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं, "आत्या, हा मी शिवलाय, आणि मी बाहेरची होते." ताई काही बोलली नाही. छोटी कात्री घेऊन बसली आणि टाका टाका करून झगा उसवला. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. पुतणी पुढं जनावरांची डॉक्टर झाली, लांब गेली, लग्न केलं, मूल झालं. फोन येत राहिले. ती आली नाही.

तर हे पत्र खिशात, आणि रविवारी घरात बैठक.

*

बैठक बोलावली होती पुतण्यानं, म्हणजे पत्रातल्या दादानं. थोरल्या भावाच्या माघारी कारखाना तोच बघतो. आम्ही त्याला मॅनेजर म्हणतो आणि त्याला ते आवडतं. तो टेबलाच्या टोकाशी मोजपट्टी घेऊन उभा. त्याची आई, म्हणजे वहिनी, पाटावर भाजी निवडत. ताई फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून तिच्या नेहमीच्या स्टुलावर. मी दाराजवळ, म्हणजे निघून जायला बरं. मॅनेजरच्या बायकोचे, म्हणजे आमच्या सुनेचे, दिवस चालू होते, म्हणून ती पलीकडच्या खोलीत, उघड्या दारात खुर्ची टाकून बैठकीला हजर. तिच्यामागे गुंडीबाई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नाही, इतक्या गुंड्या तिनं लावल्यात.

"ही भिंत काढली की भरतकामाचं मशीन बरोब्बर बसतं," मॅनेजर म्हणाला. "गवंड्याशी बोललोय. आणि आत्या, राग मानू नकोस, पण हे बायकांना बाजूला बसवणं आता शोभत नाही. लोक काय म्हणतील?"

"पूर्वी लोक काय म्हणतील म्हणून बसवायचे," ताई म्हणाली. "आता लोक काय म्हणतील म्हणून उठवता. लोकांना दुसरा उद्योग नाही का रे?"

"भिंत काढा," सून दारातून म्हणाली, "पण आम्हाला विचारून काढा."

"अगं, मी तुझ्याच बाजूनं बोलतोय!"

"माझ्या बाजूला मी बसलेय. तू पलीकडे उभा आहेस."

वहिनी भाजीत तोंड घालून हसल्या. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगा. तुम्हाला तरी हे पटतं का?"

"दोन्ही बाजूंनी बरंच..." मी म्हणालो, आणि तेवढ्यावर थांबलो.

"साहेब," गुंडीबाई मागून म्हणाली, "ते मशीन गाणी म्हणतं का?"

"मशीन कशाला गाणी म्हणेल?"

"मग आमच्या खोलीत येऊन ते काय करणार?"

हे मला तेव्हा नीट कळलं नाही. पलीकडच्या खोलीत मी कधी गेलोच नव्हतो. सुनेनं नंतर सांगितलं म्हणून आता लिहू शकतो, आणि जमेल तितकं तिच्याच नजरेनं लिहितो.

लग्न होऊन आली तेव्हा ती त्या खोलीत पहिल्यांदा रडत गेली होती. तिच्या माहेरी हे काही नव्हतं. आत गुंडीबाई होती, शिवाय दोघी-तिघी. एकीनं दोरा दातानं तोडला, ओल्या ओठांतून सुईत ओवला आणि गायला लागली. देवाबद्दलच, पण देवळात म्हणतात तसं नव्हे. त्याच्याशी भांडण, त्याची थट्टा, त्याला घरातल्या तक्रारी. ओळी तिथल्या तिथं जोडायच्या. जिला पुढची सुचेल तिनं म्हणायची.

आतल्या बायकांपाशी देव बसे गुपचूप,
बाहेरच्या खोलीत त्याला बोलायाचं खूप.

सुनेनं सासूकडून, वहिनींकडून, पूजा शिकून घेतली होती. सगळं कसं नीटनेटकं, हळू आवाजात. पण देवाला अरे-तुरे करावं आणि त्यानं ऐकावं, हे तिला पहिल्यांदा कळलं ते या खोलीत, जिथं त्याला न शिवण्याकरता तिला पाठवलं होतं. महिन्यातून चार दिवस ती तिथं जायची आणि कधी कधी पाचवा दिवस गुपचूप वाढवायची. आणखी एक गोष्ट तिनं हेरली होती. गाणं मध्येच थांबलं की फळ्यांवर पलीकडून टकटक व्हायची. हलकीच, बोटात घातलेल्या अंगुस्तानाची. आधी तिला वाटलं, आत्याबाई गप्प बसा म्हणताहेत. म्हणून सगळ्या गप्प बसल्या. तर टकटक वाढली. गायला लागल्या, तर थांबली.

"ताईंचे दिवस कधीचे संपले," गुंडीबाईनं तिला सांगितलं होतं. "आता त्यांना इथं यायला निमित्त नाही. म्हणून स्टूल भिंतीला लावलंय."

*

बैठक अशी अडलेली असताना मॅनेजरचा फोन वाजला. मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. हात मोजपट्टीत अडकलेला, म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तेवढं एक केलं नसतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

"तुमचा पडदा फार सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "पण स्टेजवर हातभर लोळतोय. मुलं अडखळतात. आणि वर कड्यांना ते घुंगरू कशाला लावलेत? पडदा उघडला की छुम्म होतं, आणि मुलं वर्ग सोडून उघडझाप करत बसतात."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. घुंगरू ताईनं लावले होते. स्वतःच्या हातानं, मेणाचा दोरा घालून, तोंडातून अक्षर न काढता. देवळातल्या गाभाऱ्याच्या पडद्याला.

त्या सुमारास दोन पडदे एकाच मरून मखमलीच्या ठाणातून निघाले होते. एक देवळाचा, मोठ्या खोलीत शिवलेला. दुसरा शाळेचा, हातभर आखूड, पलीकडच्या खोलीत सून, गुंडीबाई आणि बाकीच्यांनी गात गात शिवलेला. पूर्वी देवाचा गठ्ठा पांढऱ्या फडक्यात बांधायचा आणि बाकीचा रंगीत. मॅनेजरनं ती पद्धत जुनाट म्हणून बंद केली आणि नंबरांची स्टिकरं आणली. स्टिकरं त्यानंच चिकटवली, पोचवायलाही तोच गेला.

"म्हणजे देवळात..." वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य भाजीत पडलं.

"पण गुरुजींचा तर फोन आला होता!" मॅनेजर म्हणाला. त्याचा चेहरा धुवायला टाकलेल्या कापडासारखा झाला होता. "खूष होते. म्हणाले, पडदा ओढला तरी खालून देवाची पावलं दिसतात, लोकांना ताटकळावं लागत नाही, कल्पना कुणाची? मी म्हटलं, आमचं नवीन डिझाइन."

"असं म्हणालास?" ताईनं विचारलं.

"मग काय म्हणू? मला वाटलं, तूच मुद्दाम आखूड केलास." तो बसला. "आता ऐका. कुणी कुठं बोलायचं नाही. मी दोन्ही काढून गुपचूप बदलून आणतो."

"आत्ताच तर काळ बदललाय म्हणालास," सून म्हणाली.

"काळ बदललाय. गिऱ्हाईक नाही बदललं!"

"म्हणजे मी शिवलेलं बाटलेलं आहे, एवढंच म्हण ना."

"मी कुठं तसं म्हटलं? मी म्हणतोय की त्यांना कळलं तर..."

"मला कळलंय," सून म्हणाली. "तेवढं पुरे झालं."

घडीभरापूर्वी भिंत पाडायला निघालेला तो, आता तिच्याआड लपायला बघत होता. ताई मात्र उठली. चष्मा घेतला. मग खणातून छोटी कात्री काढून पिशवीत टाकली. ते वहिनींनी पाहिलं, मी पाहिलं, सुनेनं पाहिलं. तीच कात्री.

"गाडी काढ," ताई सुनेला म्हणाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तूही चल. घरी राहून नाहीतरी काय करणार, पुस्तकात बोट घालून बसणार."

*

आम्ही देवळाकडे निघालो. सून चालवत होती, ताई तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. मी मागे. पत्र वरच्या खिशात होतं आणि त्याचा कोपरा टोचत होता. मला एवढंच दिसत होतं की आज ही कात्री चालली, तर उत्तर आपोआप मिळालं. मग मला काही ठरवावं लागणार नाही. येऊ नकोस, एवढंच लिहायचं. आयुष्यभर सुटका अशी दुसऱ्याच्या हातून झाली की मला हायसं वाटत आलंय. आज वाटेना.

"ताई," मी म्हणालो. "त्या पोरीचा झगा तू उसवलास."

सुनेनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. घरात हा विषय कुणी काढत नसे.

ताई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "टाके सरळ होते रे. वाकडे असते तर भर्रकन निघाले असते. इतके सरळ होते की संध्याकाळ झाली मला."

"मग थांबायचंस."

"तू उभा होतास की तिथं. तू म्हणायचंस, थांब."

मी टोचणारा पत्राचा कोपरा खिशात आत दाबला.

देऊळ उतारावर आहे, पुढं दगडी पायऱ्या. सुनेनं गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगमागेच बसून राहिली. तिचे दिवस, ती येणार नव्हती, आणि कुणी सांगायचीही गरज नव्हती. ताई माझा हात धरून गुडघ्याला शिव्या देत चढली.

पडदा ओढलेला होता. दुपारची विश्रांती. एरवी या वेळी देवळात चिटपाखरू नसतं. आज पडद्यासमोर फरशीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या, आणि एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून. मखमल सरळ उतरली होती आणि तिच्या खाली, हातभर जागेत, दिव्याच्या उजेडात देवाची दोन पावलं दिसत होती. बाकी देव पडद्याआड. बघायला पावलंच होती, म्हणून सगळे पावलंच बघत होते. एक बाई अगदी जवळ सरकून, ओणवी होऊन, हळूहळू काहीतरी सांगत होती. तक्रार असावी, मधूनच बोट नाचवत होती.

ताई उभी राहिली. मग माझा हात सोडून तिनं पडद्याची दुमडलेली कड उचलली आणि चष्मा कपाळावर घेऊन बारकाईनं पाहिली. तिला चष्मा लांबचं बघायला लागतो. टाके ती डोळ्यांनीच बघते.

गुरुजी आतून आले. तरुण आहेत, स्कूटरवरून फिरतात, हसरे. "अरे वा, ताई! कसा बसलाय बघा तुमचा पडदा."

"माझा नाही," ताई म्हणाली. "चुकून आलाय. हा शाळेचा. आमच्या बायकांनी दिवस चालू असताना शिवलाय. दोरा तोंडात धरून."

गुरुजींचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "ताई, हळू. हे मला न सांगता चाललं असतं. आता सांगितलंत म्हणून मला काहीतरी म्हणावं लागणार."

"म्हणा की."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी विचारायला आले नाही. सांगायला आलेय." मग तिनं पिशवीत हात घातला आणि कात्री काढली. पण ती माझ्याकडे वळली. "जा, तिला बोलाव."

"कुणाला?"

"जिनं शिवलाय तिला. गाडीत बसलीय ती."

मी पायऱ्या उतरलो. या वयात इतक्या भरभर उतरू नयेत. सून म्हणाली, "काका, मी कशी येऊ? आज माझे..." मी म्हणालो, "तिला माहीत आहे." ती आली, पण शेवटच्या पायरीवर थबकली. उंबरठ्याअलीकडे.

"आत्याबाई, इथूनच बोलते."

"तुझे टाके आत लोंबताहेत," ताई म्हणाली. "तू बाहेर कशाला थांबलीस? ये. ही कड तुझी का गुंडीबाईची?"

सुनेनं चप्पल काढली. एकदा मागं पाहिलं, रस्त्याकडे, कुणाला विचारायचं राहिलंय का बघावं तसं. मग आत आली. बसलेल्या बायकांनी सरकून तिला वाट दिली. त्यांना काही माहीत नव्हतं, किंवा गुरुजींचं ‘हळू’ उशिरा पडलं असेल. मला नक्की सांगता येणार नाही.

"माझी," ती म्हणाली.

"इथं दोऱ्याचं टोक लोंबतंय. गप्पांच्या नादात राहिलं असेल." ताईनं कात्रीनं ते टोक तोडलं. कच्चकन्. तेवढंच. कात्री परत पिशवीत गेली. "बाकी सरळ आहे."

सून खाली बसली आणि पहिल्यांदा तिची नजर पावलांवर गेली. ती म्हणते की तिला काही प्रार्थना वगैरे सुचली नाही. खोलीतलं गाणं आठवलं आणि हसू आलं, आणि हसू आवरायला तिनं डोकं टेकवलं.

गुरुजी अजून विचारात होते. "शाळेतला आणून लावला तर पावलं झाकणार?"

"झाकणार," ताई म्हणाली. "घुंगरू मात्र आहेत त्याला."

गुरुजींनी बसलेल्या बायकांकडे पाहिलं. काठीवाला म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "पडद्याला हात लावाल तर खबरदार." त्याचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "बाकीचं मला विचारू नका, ताई. माझं शिक्षण अजून चाललंय."

"माझंही," ताई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून सुनेच्या शेजारी खाली बसली. मग बराच वेळ उठलीच नाही.

*

इकडे घरी वहिनींनी भाजी केव्हाच निवडून ठेवली होती आणि आता त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढून कात्री हलत नव्हती. मागच्या वेळी त्या गप्प बसल्या होत्या. पोटची पोर समोर उभी, तिचे टाके जमिनीवर पडताहेत, आणि आपण ओच्यात हात गुंडाळून उभ्या. नणंद मोठी, घरात नणंदेचा शब्द. तेव्हापासून त्यांच्या मनात एक भांडण तयार होतं. रोज थोडं थोडं घोटून त्यांनी ते तुळतुळीत केलं होतं. मॅनेजर म्हणतो, त्या दुपारी आई भिंतीशी बोलून त्याची तालीम करत होती.

आम्ही गाडीतून उतरतोय न उतरतोय तोच त्या सुरू झाल्या.

"वन्सं, आज मी बोलणार आहे. तुम्ही मधे बोलायचं नाही. त्या दिवशी तुम्ही झगा उसवलात, माझी पोर उसवलीत! आणि आज हिचा पडदा उसवून आलात. देवाला जर बाईचं रक्त चालत नाही, तर त्यानं बाईच्या पोटी माणसं घालायची कशाला? झाडाला लावायची होती! मी पूजा केली, तुम्ही पूजा केलीत, काय मिळालं? मला माझी नात अजून फोटोतच दिसते! ती भिंत पाडा नाहीतर ठेवा, पण माझी लेक या घरात आल्याशिवाय मी देवाला फूल वाहणार नाही, सांगून ठेवते!"

"पडदा उसवला नाही," ताई म्हणाली.

"अजिबात ऐकून घेणार नाही... काय?"

"उसवला नाही. तिथंच आहे. ही आत येऊन पाया पडून आली."

वहिनींचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांचं भांडण, आणि समोर कुणी नाही. "मग आधी सांगायचं ना!" त्या म्हणाल्या, आणि रडायच्या ऐवजी हसायला लागल्या, की हसायच्या ऐवजी रडायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ताईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोटी घालायची कशाला, हे चांगलं बोललीस," ती म्हणाली. "तिकडे गाण्यात जोडू."

"तिकडे? तुम्ही?"

ताई सरळ कारखान्यात गेली, पलीकडच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि मॅनेजरला म्हणाली, "पेचकस आण. भिंत राहू दे, दार काढ. बिजागऱ्या काढून ठेव, पुन्हा बसवायच्या नाहीत. देवाचं कापड इकडेही शिवलं जाईल आणि तिकडेही. ज्या बाईला ज्या दिवशी जिथं बसावंसं वाटेल तिथं ती बसेल. जिला गप्प बसून शिवायचंय तिनं इकडे, जिला बोलायचंय तिनं तिकडे."

"आणि मशीन?" मॅनेजरनं विचारलं.

"तुझ्या ऑफिसात ठेव. तू स्टिकरं चिकटवतोस त्या टेबलावर."

मॅनेजरनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "आण की पेचकस." तो गेला, आणि हे खरं सांगायला हवं, खुशीतच गेला. पहिला स्क्रू काढताना स्वतःच म्हणाला, "सुचायला मला हवं होतं हे."

ताई आत, त्या छोट्या खोलीत, गेली. गुंडीबाईनं पटकन खुर्ची पुसली. ताईनं चहूकडे पाहिलं. "खिडकी होती ना इथं मोठी?"

"तेवढीच आहे, ताई. तुमच्या आठवणीत मोठी झाली असेल," गुंडीबाई म्हणाली. "घ्या सुई. टोक तोंडात धरलंत तरी चालतं इथं."

ताईनं दोऱ्याचं टोक ओठांत धरलं. आणि मग दारातूनच, आता दार नव्हतं त्या चौकटीतून, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तिचं पत्र आलंय. दिवसभर छातीशी धरून फिरतोयस. काय विचारलंय?"

मी वाचून दाखवलं. ‘आत्या काहीच म्हणणार नाही’ हे वाक्य गाळावं असं फार वाटलं. गाळलं नाही.

"मी काय लिहू, ताई?" मी शेवटी विचारलंच. इतकं सोपं होतं ते.

"इतकी पुस्तकं वाचलीस आणि दोन ओळी लिहिता येत नाहीत?"

इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून मी उभ्यानंच लिहायला लागलो. सगळे भोवती जमले. वहिनी म्हणाल्या, आधी सगळे खुशाल आहेत असं लिहा. मॅनेजर म्हणाला, घरात सुधारणा झालीय असं लिहा. सून म्हणाली, पडद्याचं लिहू नका, ती आली की मला सांगायचंय. गुंडीबाई म्हणाली, पोरीला गाता येतं का विचारा. मी सगळ्यांचं ऐकलं आणि कुणाचंच लिहिलं नाही. लिहिलं ते असं:

‘या. तुम्ही दोघी या. तिचे दिवस आले तरी ती देवासमोर जाईल, आणि पलीकडच्या खोलीत बसावंसं वाटलं तर बसेल. तिचं तीच ठरवेल. मागच्या वेळी मी "थांब" म्हणायला हवं होतं. या वेळी "ये" म्हणतो. काका.’

पुन्हा वाचलं. ‘जाईल’नंतरचा स्वल्पविराम मला खुपत होता. पूर्णविराम हवा होता का? मी पेन उचललं, तेवढ्यात ताईनं कागद ओढून घेतला आणि खाली तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं:

‘झग्याचं कापड काढून ठेवलंय. तोच रंग. तू बेत, मी शिवीन. मोजपट्टी घेऊन ये, दादाची भरवशाची नाही.’

टपालपेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एरवी मी पाकीट घेऊन निघालो की वाटेत दोनदा थांबतो, पत्ता तपासतो, आणि पुष्कळदा तसाच परत येतो. त्या संध्याकाळीही पेटीपाशी थांबलो. तो स्वल्पविराम पुन्हा डोळ्यांपुढं आला. मागं कारखान्यातून आवाज येत होता. पाचही जणं गात होती, मॅनेजरसुद्धा, बेसूर.

मी पाकीट फटीत सरकवलं. ते आत पडल्याचा आवाज आला. मग मी हात घालून पाहिला, पण फट अरुंद होती.